माळ्यावरची फ्लॉपी

आमच्या कणकुंबीचा पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. तो गेला की दसऱ्याआधी माळा झाडणं आलंच. यंदा झाडताना एक डबी हाती लागली. आत फ्लॉप्या. एकीवर माझंच अक्षर : ‘आजीच्या ओव्या, २००१’.

एम.ए.ला असताना आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुढं वही वाळवीनं खाल्ली, आजीही गेली. “ही अडगळ टाकायची का?” बायकोनं विचारलं. दसऱ्याला आलेल्या धारवाडच्या सासूबाई म्हणाल्या, “इरलि बिड्रि.” असू द्या की!

नुसतं ‘असू द्या’ म्हणून भागतं का? आमच्या संगणकाच्या प्राध्यापकांनी छान समजावलं. फ्लॉपी वाचायला नुसती खाच पुरत नाही. संगणकाच्या मूळ प्रणालीत ती वाचणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स या प्रणालीतला फ्लॉपीचा ड्रायव्हर २०१९ साली ‘अनाथ’ म्हणून नोंदला गेला. नोंद केली खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी. कारण साधं : सांभाळणाऱ्याकडंच तपासून पाहायला चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता. पुढं सांभाळणारा मिळाला, म्हणून तो वाचला.

सगळ्यांचंच नशीब असं नसतं. फायली रचून ठेवणारी रायझरएफएस ही पद्धत २००१ साली लिनक्समध्ये आली. २०२२ साली ‘ही जाणार, आपला माल हलवा’ अशी सूचना निघाली आणि जानेवारी २०२५च्या ६.१३ आवृत्तीतून ती काढली गेली.

मला वाटलं, पडून राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण बिघडतं. संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणारा क्यूईएमयू नावाचा प्रोग्राम आहे. त्याच्या फ्लॉपीच्या भागात २००४ पासूनचं एक भोक २०१५ साली सापडलं. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण त्या वाटेनं चोराला नकली संगणकातून खऱ्यात शिरता आलं असतं. न वापरलेल्या परसदाराची कडीही कुणीतरी रोज पाहावी लागते!

म्हणजे जुनं काढणं हा कृतघ्नपणा नव्हे. मुदत देऊन काढावं, आणि मुदतीत आपला माल आपण हलवावा. मी चोवीस वर्षं हलवला नव्हता.

अखेर यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह उसना आणला. त्याला तो जुना ड्रायव्हर लागत नाही. पहिली फाइल उघडली, पण ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! तेव्हाचा मराठी फॉन्ट शोधून घातला, तेव्हा आजी दिसली. दुसरी फाइल मात्र उघडलीच नाही. दमटपणानं चकतीला बुरशी धरली होती. त्यातल्या ओव्या गेल्या त्या गेल्याच.

मी वाचून दाखवत होतो. सासूबाई ऐकता ऐकता हलकेच गुणगुणू लागल्या. त्यांच्या आईची बीसुकल्लिन पदं, म्हणजे कानडी ओव्याच. त्या कुठल्याच वहीत नाहीत, फ्लॉपीतही नाहीत.

या वेळी ‘इरलि’ म्हटलं नाही. मोबाइल काढला, सासूबाईंपुढं ठेवला. रात्रीच त्याच्या दोन प्रती केल्या, एक आमच्याकडं, एक धारवाडला. वाचकहो, तुमच्या माळ्यावरच्या डब्या पुढच्या पावसाआधी उघडा.