भेद निसर्गाचा, भिंत माणसाची

मुंबईहून नाशिककडे निघालेला महामार्ग खारेगावची खाडी ओलांडतो, भिवंडीला वळसा घालतो आणि वडपे गावापाशी येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. हे आमणे येथून जवळच आहे. एका पिढीपूर्वी या पट्ट्यात भाताची खाचरे होती. आज तेथे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई महानगराला लागणारा माल येथे उतरतो, वेगळा होतो, बांधला जातो आणि पुन्हा निघतो. भातशेती करणाऱ्या कुटुंबांची मुले-मुली आता या गोदामांत रोजगार शोधतात.

स्त्री आणि पुरुष यांच्यातील भेद उपजत आहेत की समाजाने घडवलेले, हा प्रश्न चर्चासत्रांतील विद्वानांचा आहे असे मानण्याचा प्रघात आहे. वडप्यासारख्या गावात मात्र हाच प्रश्न गोदामाच्या दाराशी उभा राहतो आणि एखाद्या बारावी झालेल्या मुलीच्या मिळकतीचा निर्णय करतो. म्हणूनच त्याचा विचार शांतपणे आणि पूर्वग्रह बाजूला ठेवून व्हायला हवा.

गोदाम म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पाठीवर पोते घेतलेला हमाल. त्याच्या कष्टांना न्याय मिळावा यासाठी अण्णासाहेब पाटील यांनी लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ते काम पुरुषाचे होते याला कारणही होते. सरासरी पुरुषाचे स्नायुबळ सरासरी स्त्रीपेक्षा बरेच अधिक असते. ते समाजाने दिलेले नाही. वयात येताना शरीरात वाहणाऱ्या संप्रेरकांनी ते दिले आहे. कोणत्याही विचारसरणीच्या ठरावाने हे वास्तव बदलत नाही. परंतु आज मोठ्या गोदामात पोते पाठीवर घ्यावे लागत नाही. फोर्कलिफ्ट ते उचलते, पट्टा ते वाहून नेतो आणि हातातले यंत्र त्याची नोंद करते. फोर्कलिफ्ट चालवण्यासाठी लागते ते प्रशिक्षण, सावधपणा आणि स्थिर हात. मग सर्वसाधारणपणे बायका बांधणीच्या टेबलाशी आणि पुरुष यंत्रावर, ही वाटणी अजून का टिकून आहे? स्नायूंचे कारण संपले, तरी त्या कारणाने घातलेली भिंत उभीच आहे.

या प्रश्नावर दोन टोकाची मते आहेत आणि दोन्ही सत्याचा अर्धाच भाग पाहतात. पहिले मत असे की, स्त्रीत्व आणि पुरुषत्व ही निव्वळ संस्कारांची निर्मिती होय. गेल्या शतकात पाश्चात्त्य विद्यापीठांतून हे मत जोमाने पुढे आले. त्याची किंमत एका मुलाने आयुष्याने मोजली. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमर याच्या जननेंद्रियाला तान्हेपणी शस्त्रक्रियेत इजा झाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. नाव मुलीचे, कपडे मुलीचे, खेळणीही मुलीची! हा प्रयोग यशस्वी झाल्याचे अनेक वर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात त्या बालकाने ही ओळख मनाने कधीच स्वीकारली नाही. किशोरवयात खरी हकीकत कळताच त्याने मुलगा म्हणून जगायचे ठरवले. २००४ साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. एका उदाहरणावरून सिद्धांत उभा राहत नाही हे खरे; तथापि माणसाचे मन म्हणजे हवे ते लिहावे अशी कोरी पाटी नाही, एवढा बोध त्यातून नक्कीच घ्यावा लागतो.

दुसरे टोक आपल्या घरांत अधिक आढळते. ‘बायकांची जातच तशी’, ‘मुलींचे डोके गणितात चालत नाही’, ‘पुरुषाला कुठे चहा करता येतो’ अशी वाक्ये आपण सहज उच्चारतो आणि त्यांना निसर्गनियमाचा दर्जा देतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली, स्त्री-पुरुष भेदांविषयीच्या असंख्य अभ्यासांचे सार काढणाऱ्या ४६ आढाव्यांचा एकत्र विचार केला. तपासलेल्या मानसिक भेदांपैकी ७८ टक्के भेद अगदी लहान किंवा शून्याजवळचे निघाले. चेंडू किती वेगाने व किती लांब फेकता येतो, अशा काही बाबतींत मात्र अंतर मोठे होते. म्हणजे हाताच्या ताकदीत भेद ठळक आणि बुद्धीच्या बहुतेक अंगांत नगण्य. शिवाय सरासरी ही समूहाची असते. दारात उभ्या असलेल्या एका मुलीची योग्यता सरासरीवरून कळत नाही. ती तिची परीक्षा घेऊनच कळते.

समाज निसर्गाच्या नावावर आपली सोय कशी खपवतो, हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत पावसाळ्यात भातलावणी चालते. नांगर पुरुषाच्या हाती आणि आवा लावायला बायका, ही जुनी रीत. गुडघाभर चिखलात, कोसळत्या पावसात, दिवसभर कमरेत वाकून राहणाऱ्या बाईला त्या वेळी कोणी अबला म्हणत नाही. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या वनवासी भगिनीच्या नाजूकपणाचीही कोणी चिंता करीत नाही. हा नाजूकपणा आठवतो तो नेमका पगाराचे, यंत्राचे आणि अधिकाराचे काम समोर आले की!

याच भागातील वारली समाजाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे विवाहाचे विधी धवलेरी ही स्त्री गाऊन पार पाडते आणि लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर रेखाटत आल्या. चित्र हे बाईचे काम, अशीच ती रूढी होती. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला विधीच्या चौकटीबाहेर नेली आणि ती जगभर पोहोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांची थोरवी वादातीत आहे. त्यांच्यामागून अनेक पुरुष या कलेत आले आणि आज ती कुटुंबांचा चरितार्थ चालवते. जे काम परंपरेने बाईचे होते ते पुरुषांनी उत्तम केले. निसर्ग आड आला नाही. मग उलट दिशेनेच तो आड येतो, असे कोणत्या तर्काने म्हणावे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. स्त्रीचे जीवितकार्य वेगळे म्हणून तिचे शिक्षणही काही अंशी वेगळे असावे, मातृभाषेतून व्हावे, त्यात गृहशास्त्र आणि आरोग्य यांना स्थान असावे, अशी त्यांची धारणा होती. त्या काळात मुलींना घराबाहेर काढण्यासाठी हा मार्ग उपकारक ठरला. पण कर्व्यांनी लावलेले रोपटे तेथेच थांबले नाही. त्याच विद्यापीठाने १९९७ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. शंभर वर्षांच्या आत गृहशास्त्रापासून संगणकशास्त्रापर्यंतचा प्रवास झाला. एवढ्या अवधीत स्त्रीचा मेंदू बदलत नसतो. बदलली ती संधी.

ही दृष्टी परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपला वारसा पुन्हा वाचावा. महाभारताच्या शांतिपर्वात संन्यासिनी सुलभा आणि राजा जनक यांचा संवाद आहे. जनक तिच्या स्त्रीत्वावर बोट ठेवतो. सुलभा त्याला दाखवून देते की, देह पंचमहाभूतांचा, तुझा तसाच माझा, आणि आत्म्याला स्त्री-पुरुष हा भेद नाही. तिच्या युक्तिवादापुढे तो ज्ञानी राजा निरुत्तर होतो. आपल्या वारकरी परंपरेत तर प्रत्यक्ष विठ्ठल जनाबाईच्या जात्याशी बसून दळू लागतो. दळण हे बाईचे काम म्हणून देवाने हात आखडता घेतला नाही. आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्या आपल्यापैकी किती पुरुष घरी परतल्यावर भाकरीच्या परातीला हात लावतात?

आणि निसर्गाचाच दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. जगभर साधारणतः १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, आणि तान्हेपणी रोगाला तोंड देण्याची ताकद मुलींत अधिक असते. म्हणजे निसर्गाने पहिल्याच पायरीवर मुलीला चिवट केले आहे. आपण काय केले? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४ वर आल्या. गर्भलिंग चाचणीवर देशात सर्वप्रथम कायदा करणारे हे राज्य. तो कायदा १९८८ चा! ज्यांनी सुशिक्षित, सुस्थित म्हणवून घेत या आकड्यांना हातभार लावला, त्यांनी उपजत भेदांवर प्रवचन करू नये.

देशाच्या संरक्षणात तर शरीरबळाचा प्रश्न सर्वांत खरा असतो. स्त्री अधिकाऱ्यांना स्थायी नियुक्ती देताना शारीरिक मर्यादा आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांची कारणे पुढे केली गेली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ठाम समजुतींवर आधारलेली आहेत, असे म्हणून नाकारली. २०२२ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तेथून संचलन करीत बाहेर पडल्या. रणरागिणी म्हणून ताराराणींचे पोवाडे गाणाऱ्या महाराष्ट्राला याचे आश्चर्य वाटू नये.

मग भेद मानायचाच नाही का? अवश्य मानायचा. मातृत्व ही केवळ स्त्रीची जैविक जबाबदारी आहे आणि समाजाचे सातत्य तिच्यावर अवलंबून आहे. खरा भेद मान्य करायचा तो तिच्या सोयीसाठी, तिला अडवण्यासाठी नव्हे. २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूतीसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेनुसार स्त्रिया आपल्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीही करू शकतात. कायदा येथवर आला आहे. वडप्यापासून आमण्यापर्यंतच्या पट्ट्यात आता पाहायचे आहे ते हे की, गोदामात स्वच्छ शौचालय आहे का, रात्रपाळीनंतर मुलीला घरापर्यंत सोडणारी गाडी आहे का, पाळणाघर कागदावरच आहे की खरोखर चालते, आणि फोर्कलिफ्टच्या प्रशिक्षणात तिचे नाव घेतले जाते का. या सोयी नसल्या की बाई कामावर येत नाही. ती येत नाही म्हणून तिला ते काम जमत नाही, असा निष्कर्ष निघतो. आणि तो निष्कर्ष पुढच्या पिढीला निसर्गनियम म्हणून शिकवला जातो.

‘मग घर कोण सांभाळणार?’ हा प्रश्न आपले अनेक वाचक विचारतील आणि तो चिंतेपोटी विचारतील. कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे, यात दुमत नाही. परंतु बाळाला जन्म देणे आणि पाजणे एवढेच निसर्गाने एकट्या आईवर सोपवले आहे. त्याला न्हाऊ घालणे, शाळेत पोहोचवणे, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करणे, दोन वेळचा स्वयंपाक करणे, यांतले काहीही पुरुषाच्या शरीराला अशक्य नाही. परस्परपूरकता हा शब्द आपण फार वापरतो. पूरक म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणे. सगळे उणे एकीच्याच पदरी घालणे म्हणजे पूरकता नव्हे.

जमिनीच्या बाबतीतही हेच दिसते. गोदामांमुळे या भागातील जमिनीला भाव आला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली हिंदू मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तरीही भाव आला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याची रीत सुटत नाही. रक्षाबंधनाला ओवाळणी घालणारा भाऊच तो कागद पुढे करतो. सातबारा निसर्ग लिहीत नाही, माणसे लिहितात.

कार्यकर्त्यांसाठी आणि कुटुंबप्रमुखांसाठी यातून करण्यासारखे बरेच आहे. मुलीला यंत्र हाताळू द्यावे आणि मुलाला चूल. गावाशेजारच्या गोदामात स्त्रियांसाठी कोणत्या सोयी आहेत, याची चौकशी ग्रामसभेत जाहीरपणे करावी. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आपणहून लावावे. निसर्गाने जेवढा भेद केला आहे तेवढा तो राखून घेण्यास समर्थ आहे. त्याला आपल्या पहाऱ्याची गरज नाही. पहारा उठवल्यावर स्त्रिया कोणती कामे निवडतात, कोणती टाळतात, हे वडप्यातल्या मुली स्वतःच ठरवतील. तोवर त्यांच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.