शत्रूचे नाव नसलेला विलाप

स्तोत्रसंहितेतले 74 वे स्तोत्र वाचणाऱ्याला एक घाई असते: मंदिर फोडणारा शत्रू कोण, ते आधी सांगा. बरेच अभ्यासक बाबेलच्या सैन्याकडे बोट दाखवतात. त्याने यरुशलेमचे मंदिर इ.स.पू. 587 च्या सुमारास जाळले. काहींना इ.स.पू. 167 मधला चौथा अंतियोख दिसतो. इतिहासकारांचा हा वाद रास्तच आहे. पण उपदेशक किंवा पुढारी त्या मोकळ्या जागेत आपल्या काळातल्या वैऱ्याचे नाव भरतो, तेव्हा विलापाची सुपारी होते.

नावे लिहिण्याची तिथे बंदी नव्हती. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नबुखद्नेस्सर राजा आणि आग लावणारा त्याचा सरदार नबूजरदान, दोघेही नावानिशी आहेत. स्तोत्र मात्र कुऱ्हाडी सांगते, तोडलेले नक्षीकाम सांगते. शत्रूने आपली चिन्हे उभारली, आमची चिन्हे दिसेनाशी झाली, हे सांगताना मूळ हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द येतो. आणि ही सारी फिर्याद देवापुढे आहे. तूच हात आखडून का बसलास, असा जाब त्यालाच विचारला आहे. फिर्यादीच्या हाती कुऱ्हाड नाही.

कोणी म्हणेल, सूडाची भाषा या ग्रंथात नाही काय? आहे, आणि ती झाकू नये. 137 वे स्तोत्र बाबेल आणि अदोम यांची नावे घेते आणि शेवटी तान्ह्या मुलांपर्यंत जाते. 79 वे सातपट परतफेड मागते. पण तीही देवाकडेच, आणि त्याच स्तोत्रात स्वतःच्या पापांची क्षमाही मागते. विलापगीताचा दुसरा अध्याय तर म्हणतो, प्रभूच शत्रूसारखा झाला, आपली वेदी त्यानेच टाकली. असा मजकूर शेजाऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरायचा, तर त्यातला निम्मा आधी फाडावा लागेल.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी मंदिरनाशाचा दिवस पाळला तो उपासाने आणि वालाच्या बिरड्याने. त्याला ते ‘बिरड्याचा सण’ म्हणत. दुःख विसरले नाहीत, आणि ते जपायला गावात कोणाला बाबेलकर ठरवावे लागले नाही. स्तोत्रातली मोकळी जागा मोकळीच ठेवा. ती भरण्याचा अधिकार कवीने आपल्याला दिलेला नाही.