‘फलित’ म्हणायचे कशाला?

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक संमत केले आणि २५ जानेवारी २०२२ पासून कायदा अमलात आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्यानंतर कायदा येण्यास पस्तीस वर्षे लागली. मधल्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे होती, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते.

नव्या कायद्याने दवाखान्यांना नोंदणी सक्तीची केली. स्त्रीबीज देणाऱ्या महिलेस आयुष्यात एकदाच, तेही सातपर्यंतच बीजे देता येतात. जन्मलेल्या मुलाला औरस अपत्याचे सर्व हक्क मिळाले. दात्री आणि दांपत्य यांची अशी काळजी घेतली गेली. बाळाच्या आरोग्याचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

या तंत्राने जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. जन्मजात व्यंगांचे प्रमाण किंचित अधिक आढळते. त्याचा काही भाग आईवडिलांच्या वंध्यत्वाच्या मूळ कारणांशी निगडित असावा, असे संशोधक मानतात. मोठा आणि टाळता येण्याजोगा धोका आहे तो जुळ्या-तिळ्यांचा. एकाहून अधिक भ्रूण गर्भाशयात सोडले, की अकाली प्रसूती आणि कमी वजन यांची शक्यता वाढते.

स्वीडनने २००३ मध्ये एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा दंडक घातला. तेथे जुळ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरले, तरी यशाचे प्रमाण फारसे घटले नाही. अर्थात, तेथे उपचारांच्या खर्चाचा मोठा भार सरकार उचलते. भारतात बहुतेक दांपत्ये प्रत्येक प्रयत्नाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात. त्यामुळे ‘एकदाच, पण खात्रीने’ असा त्यांचा आग्रह असतो आणि यशाची टक्केवारी मिरवणाऱ्या दवाखान्यांनाही तो सोयीचा ठरतो. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाचे बिल त्या टक्केवारीत दिसत नाही.

कायद्यानुसार राष्ट्रीय नोंदवहीत उपचारांचे फलितही नोंदवायचे आहे. खरी कसोटी याच शब्दाच्या अर्थाची आहे. फलित म्हणजे केवळ गर्भधारणा मानली, तर ही नोंदवही दवाखान्यांची जंत्री ठरेल. पूर्ण दिवसांचे, निरोगी, एकेकटे बाळ हे फलित मानून त्याच्या वाढीचा मागोवा घेतला, तरच धोरण आखण्यास आधार मिळेल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. मंत्रालयाची इच्छाशक्ती लागेल.