मुलाखत : छाप की ओळख?

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की विद्यार्थ्यांच्या तोंडी 'इंटरव्ह्यू' हा शब्द वारंवार येऊ लागतो. कुणी टाय उसना मागतो, कुणी अमीरपेठच्या एखाद्या क्लासमध्ये नाव घालतो, तर कुणी 'सर, सगळे आधीच ठरलेले असते' असे म्हणून मोकळा होतो. काही वर्षे वर्गात सराव-मुलाखती घेत आल्यामुळे या तिघांशीही मला चार शब्द बोलावेसे वाटतात.

प्रथम तिसऱ्या मित्राशी. त्याचा संशय अगदीच निराधार नाही. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या खटल्याचा निकाल 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेथे दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत वडील कोण, राहता कुठे एवढेच विचारले जाई आणि तेवढ्यावर एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण ठरत. प्रवेशाच्या मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे होय, असे न्यायालयाने सांगितले. 1985 साली हरियाणाच्या नोकरभरतीतील मुलाखतीचे गुणही न्यायालयाला जास्त वाटले. पुढे 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारने खालच्या गटांतील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. म्हणजे मुलाखतीत अन्याय होतो हे खरे, आणि त्याविरुद्ध लढता येते हेही खरे. परंतु वरच्या पदांना मुलाखत राहिलीच आहे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण तिचेच असतात. 1998 साली सायबर टॉवर्स उभी राहिल्यापासून आपल्या शहरात ज्या खाजगी नोकऱ्या आल्या, त्यांचे दार तर बहुधा मुलाखतीतूनच उघडते. तेव्हा 'ठरलेले असते' म्हणून घरी बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता क्लासला जाणाऱ्या मित्राकडे वळू. 'स्वतःबद्दल सांगा' असे म्हणताच दहांपैकी आठ विद्यार्थी मला एकच उत्तर देतात : मी कष्टाळू आहे, मला सर्वांबरोबर मिळूनमिसळून काम करायला आवडते. हे ऐकून समोरच्याला काय कळणार? वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने असेच पाठ केलेले उत्तर दिले, तेव्हा मी सहज विचारले, "संध्याकाळी घरी काय करतेस?" ती म्हणाली, वडिलांच्या दुकानातली उधारीची वही दोन वर्षांपासून मीच लिहिते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस थांबायचे आणि कोणाला पुन्हा उधार द्यायचे नाही, हे तिने मला पाच मिनिटे न अडखळता सांगितले. हिशेबनीस नेमणाऱ्याला आणखी काय हवे असते? पण हे सांगण्याजोगे आहे असे तिला वाटलेच नव्हते!

माझे म्हणणे एवढेच की आपण छाप पाडण्याची तयारी करतो आणि ओळख करून देण्याची करीत नाही. यास संशोधनाचाही आधार आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली 85 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सैल गप्पांच्या मुलाखतीपेक्षा सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत उमेदवाराचे पुढचे काम अधिक बरोबर ओळखते, असे त्यांना आढळले. असल्या मुलाखतीत 'अमुक अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलेत?' असे प्रश्न येतात. तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही. स्वतः केलेले कामच उपयोगी पडते. म्हणून घरी बसून आपण केलेली तीन कामे कागदावर लिहावीत : काय केले, काय अडले, शेवटी काय झाले. आपल्या अर्जातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येईल असे धरून चालावे. जेथे जायचे त्या संस्थेचे काम काय, याची माहिती काढावी. कपडे स्वच्छ असावेत, टाय नसला तरी बिघडत नाही. वेळेपूर्वी अर्धा तास पोहोचावे. आणि उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असे सरळ सांगावे. थापा मारणारा दुसऱ्या प्रश्नाला पकडला जातोच.

राहिला भाषेचा प्रश्न. घरी मराठी किंवा कानडी, रस्त्यावर तेलुगू आणि दख्खनी, वर्गात इंग्रजी अशी आपली स्थिती. इंग्रजीत अडखळलो की आपण मनातून खचतो. परंतु हैदराबादेत पोटाची भाषा आणि घरची भाषा एक कधी होत्या? निजामाच्या राजवटीत कचेरीत आधी फारसी होती, मग उर्दू आली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवीत. 1956 साली राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आणि कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. तरी इथे राहिलेल्या आपल्या घरांनी तेलुगूही आपलीशी केली. चार भाषांतून वाट काढणे हे आपले वैगुण्य नाही, ती आपली कमाई आहे, आणि ती मुलाखतीत अवश्य सांगावी. इंग्रजी मात्र तोंडाने बोलूनच येते, नुसती वाचून येत नाही.

यासाठी मला एक सुचवावेसे वाटते. या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, पण त्यांचे लेखक एकमेकांशी क्वचितच बोलतात. दर शनिवारी मराठी विद्यार्थ्याने कन्नड विद्यार्थ्याची आणि कन्नड विद्यार्थ्याने मराठी विद्यार्थ्याची मुलाखत घ्यावी. समोरच्याला आपली भाषा येत नसली की नेमके बोलावेच लागते, आणि अनोळखी माणसाला स्वतःची ओळख करून देण्याचा सराव आपोआप होतो. त्यासाठी खर्च नाही, क्लास नाही. एक रिकामी वर्गखोली पुरे. ती मिळवून देण्याचे काम आम्हा प्राध्यापकांकडे लागले.