मालकाचे अवघडलेपण

व्यवस्थापनाच्या शिबिरांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा. त्यावर टाळ्याही पडतात. पण बाहेर नेमके कोणी पडायचे, हे कोणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ती पाळी कामगारावर येते. त्याची ड्युटी वाढते, टार्गेट वाढते, सुट्टी कमी होते. मालकाची खुर्ची मात्र जिथल्या तिथे. याला मी वाढ मानत नाही. माझ्या मते, मालक स्वतः अवघडतो तेव्हाच धंदा पुढे सरकतो. याचे एक मोठे उदाहरण आपल्या खान्देशातच आहे.

साने गुरुजींच्या अमळनेरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. कंपनी 1945 साली स्थापन झाली. ऑगस्ट 1966 मध्ये ते अचानक वारले. मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता, वय 21. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि थेट मालकाच्या जागी बसला. पहिल्याच काळात भागधारकांच्या सभेत एकाने सर्वांदेखत सुनावले की हे काम तुम्हाला झेपणारे नाही, शेअर विकून मोकळे व्हा. ही आठवण पुढे खुद्द प्रेमजींनीच सांगितली आहे.

अशा वेळी आपल्याकडचा शेठ काय करतो? आवाज चढवतो, किंवा त्या माणसाला पुन्हा बोलावत नाही. या तरुणाने पुस्तके आणली आणि हिशेब, व्यवस्थापन यांचा अभ्यास सुरू केला. कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांच्या मध्ये सर्वांत कमी माहिती असलेला माणूस आपणच आहोत, ही जाणीव सोसणे सोपे नसते. त्यातून मालकपणाला धक्का लागतो.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. परकीय भांडवलाच्या नियमांवरून सरकारशी जमले नाही म्हणून आयबीएमने 1978 मध्ये भारत सोडला. बाजारात पोकळी झाली. तूप आणि साबण विकणाऱ्या विप्रोने संगणकात उतरायचे ठरवले. तोवर तुपाच्या धंद्यात प्रेमजींचा हात बसला होता. संगणकात ते पुन्हा नवखे झाले, आणि जाणकार माणसे बाहेरून आणावी लागली. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून आलेले श्रीधर मित्ता हे त्यांपैकी एक. ज्या विषयात आपला नोकर आपल्यापेक्षा जास्त जाणतो, त्या विषयात त्याला निर्णय घेऊ देणे, हेच मालकाचे खरे अवघडलेपण. कर्ज काढून मोठा बोर्ड लावण्याला मी धाडस म्हणत नाही. त्यात झोप उडते, पण शिकायला होत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. प्रेमजींच्या हाती वडिलांचा चालता कारखाना होता. पडले असते तरी रस्त्यावर आले नसते. हातगाडीवर पोट असलेल्या माणसाला जोखमीचे धडे देणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. माझे म्हणणे ज्यांच्या गल्ल्यात थोडी शिल्लक आहे त्यांच्याशीच आहे.

मालेगाव, भिवंडीचे माग असोत की आपल्या गावातले लाकडाचे वखार, अशी शिल्लक असलेली घरे आपल्यात बरीच आहेत. तीन पिढ्यांचा धंदा, ठरलेली गिऱ्हाइके, ठरलेला दलाल. मुलगा बी.कॉम. होऊन येतो आणि म्हणतो, उधारी कोणाकडे किती दिवसांची आहे ते एकदा लिहून काढू. वडील म्हणतात, सगळं डोक्यात आहे. डोक्यात आहे ते कागदावर आले की बुडीत उधारीचा आकडा दिसेल, आणि त्यातली निम्मी नावे पाहुण्यारावळ्यांची निघतील, ही खरी धास्ती असते. मुलगा दोन वर्षांत गप्प होतो किंवा आखाती देशात नोकरी धरतो.

वही मात्र उघडावी लागेल, आणि ती मुलाबरोबर जुन्या मुनीमजींसमोरही. गेल्या दहा वर्षांत शेठचा कोणता सौदा चुकला हे त्यांना पाठ असते. ते त्यांनी तोंडावर सांगावे असे वाटत असेल, तर त्यापायी पगार कापला जाणार नाही, एवढी खात्री त्यांना आधी द्यावी लागेल.