जीव वाचला ना, मग गप्प बसा!

‘कॅन्सरमधून पोर उठलं, हे काय थोडं झालं? आता हार्मोन्सची थेरं कशाला?’ असा सवाल एका विद्वान गृहस्थांनी नुकताच टाकला. त्यांच्या मते तपासण्या म्हणजे पैसे उकळायचा धंदा, गोळ्यांची सवय लागते आणि मूल वाढतंय की नाही हे आईला डोळ्यांनी दिसतंच.

या डोळ्यांपाशी जरा थांबू. ल्युकेमियात मेंदूला किरणं आता फार थोड्या मुलांना देतात; पण अशी एखादी सात वर्षांची मुलगी घ्या. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण दर दिवाळीला वर सरकते, घर खूश. किरणांनी वाढीच्या हार्मोनला खीळ बसलेली असते, आणि त्याच किरणांनी मुलीला वयात यायची घाईही झालेली असते. इस्ट्रोजेनच्या जोरावर उंची वाढत राहते, तूट झाकली जाते. दरम्यान हाडांची टोकं मिटायला लागतात. डाव्या हाताचा एक्स-रे काढला तर हाडं दहा वर्षांची निघतात! मग पाळी लवकर येते आणि खूण अडते ती कायमची. मेंदूतल्या गाठीसाठी पाठीच्या कण्यालाही किरणं दिली असतील, तर पाय वाढतात नि धड आखूड राहतं. ते कळायला बसवून उंची मोजावी लागते. आईच्या डोळ्यांना एवढं दिसत असेल, तर एक्स-रेची यंत्रं भंगारात घालावीत.

सवयीचं म्हणाल, तर थायरॉइडच्या गोळीविषयीही हेच ऐकून कान किटले आहेत. शरीर जे बनवेनासं झालं ते बाहेरून घेणं ही सवय असेल, तर चष्मासुद्धा व्यसनच.

पैशांचा मुद्दा अर्धा खरा आहे. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं महाग असतात, बहुतेकदा रोज टोचावी लागतात. पण उंचीपट्टीला कोणता खजिना लागतो?

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. तसं जिल्ह्याजिल्ह्यात हवं. तोवर निदान फाईलमध्ये एक कागद असावा: किती ग्रे किरणं, कुठे, सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध एकूण किती. दर सहा महिन्यांनी उंची, वयात येण्याची लक्षणं, थायरॉइडची तपासणी. डोक्याला जास्त किरणं गेली असतील तर सकाळचं कॉर्टिसॉलही. ते कमी निघालं, तर तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, शाळेतही एक प्रत द्यावी. थायरॉइडही कमी असेल, तर आधी कॉर्टिसॉलची तूट भरायची, मग थायरॉक्सिन. उलट केलं तर मूल कोसळू शकतं.