आधी इंजिन खोला
देगलूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या महामार्गावर, मे महिन्याच्या उन्हात गाडी तापते. काटा लालवर गेलेला दिसतो, तरी ‘गाव आलंच’ म्हणत आपण दामटतो आणि तिथंच घात होतो. हेड वाकतं, गॅस्केट जातं, ऑइलात पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसतं. मग कुणीतरी सांगतं, जुनं इंजिन आणून बसवा, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. माझं ऐकाल तर आधी खोला. नुसतं हेड वाकलं असेल तर फेसिंग करून भागतं. सिलिंडर घासले असतील तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतात. रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा. आणि भंगारातलं इंजिन घ्यायचंच, तर त्याची कागदं मागा. इंजिन नंबर आरसीवर असतो. एमएच-२६ च्या गाडीला नांदेडच्या आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो, चोरीचं इंजिन निघालं तर पोलीस दारात येतात. पेरणी तोंडावर असताना बोअरिंगचे चार-आठ दिवस जिवावर येतात, हे मला कळतं. तरीही मिस्त्रीनं ब्लॉकवरचा तडा बोटानं दाखवेपर्यंत दुसऱ्या इंजिनाचा इसार देऊ नका.